बगदाद नकाशावर जवळ दिसत होते

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे. माझ्या आजीचे माहेर त्याच बाजूचे. तिच्या लहानपणी कोणी घर सोडून गेला आणि पुन्हा दिसलाच नाही, तर बायका 'बसऱ्याला गेला' असे म्हणत. तो खरोखर कुठे गेला याची चौकशी कोणी करत नसे. या दोन शब्दांमागे केवढा नियोजनशून्य कारभार होता, हे मला पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेविषयी वाचायला लागल्यावर कळले.

नोव्हेंबर १९१४मध्ये भारतातून गेलेल्या ब्रिटिशांच्या फौजेने तुर्कांकडून बसरा घेतले. शेजारच्या इराणमधील आबादानच्या तेलाचे रक्षण करायचे, एवढाच मूळ हेतू होता आणि तो तिथेच सफल झाला होता. पुढच्या वर्षी बसऱ्याजवळच्या शैबाची लढाई जिंकली, जूनमध्ये अमारा पडले. अमाऱ्यात तर पुढे गेलेल्या फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड यांच्याबरोबरच्या शंभरएक शिपाई-खलाशांसमोर शेकडो तुर्कांनी शस्त्रे खाली ठेवली. माझ्या मते घात तिथेच झाला. तुर्क म्हणजे धक्का दिला की पळणारे लोक, असा समज वरिष्ठांच्या मनात पक्का बसला आणि मोहिमेचा हेतू दर विजयागणिक नदीच्या वरच्या अंगाला सरकत बगदादपर्यंत जाऊन पोहोचला. बसऱ्याहून वर जायला रेल्वे नव्हती. दाणागोटा, दारूगोळा, जखमी असे सगळे तैग्रिस नदीच्या वळणावळणाच्या, उथळ पात्रातूनच न्यायचे होते आणि त्यासाठी लागणाऱ्या आगबोटी पुरेशा नव्हत्या. खुद्द टाउनशेंड यांनाही पुढे जाणे धोक्याचे वाटत होते, पण मोहिमेचे प्रमुख जनरल निक्सन यांना बगदाद हवे होते.

तुर्क मात्र प्रत्येक पराभवातून काहीतरी शिकत होते. बगदादच्या अलीकडे, टेसिफॉनच्या प्राचीन कमानीजवळ, त्यांनी खंदकांच्या दुहेरी रांगा खणल्या आणि ताज्या दमाच्या तुकड्या आणून बसवल्या. ही कुमक एका वैमानिकाने २१ नोव्हेंबर १९१५ रोजी आकाशातून पाहिलीही होती, पण त्याचे विमान शत्रूच्या हद्दीत उतरले, तो पकडला गेला आणि बातमी त्याच्याबरोबरच राहिली. दुसऱ्या दिवशी हल्ला झाला. त्या लढाईत ब्रिटिश-हिंदुस्थानी बाजूची साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. फौजेत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत आणले, तेथून बोटींवर एकमेकांना खेटून निजवले. त्यातली एक बोट बसऱ्याला लागताना मेजर कार्टर या डॉक्टरांना तिच्या कडांवरून दोरखंड लोंबकळत असल्यासारखे वाटले, पण जवळ आल्यावर ती हगवणीची विष्ठा निघाली. हे वर्णन पुढे सरकारी चौकशीपुढे आले, म्हणून आपल्याला माहीत आहे.

माघार घेतलेली फौज कूत या गावात अडकली. वेढा ७ डिसेंबरला पडला. तुर्कांनी नाताळच्या आदल्या दिवशी एक जोरदार हल्ला चढवला आणि तो फसताच डावपेच बदलले. तटावर पुन्हा डोके आपटण्याऐवजी ते गावाची उपासमार करत बसले आणि मदतीला येणारे सैन्य खाली हन्ना येथे अडवून धरले, जिथे एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला दलदल आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत त्यांचे खंदक. या मदतीच्या सैन्याचेही हाल नियोजनाअभावीच झाले. टाउनशेंड यांनी आतला साठा सुरुवातीला फार कमी सांगितला, म्हणून अर्धवट तयारीनिशी घाईघाईने हल्ले झाले आणि पुढे गावाची झडती घेतली तेव्हा धान्य बरेच दिवस पुरेल एवढे निघाले. आतल्या सुमारे १३ हजारांना सोडवण्यासाठी बाहेर सुमारे २३ हजार कामी आले वा जखमी झाले. घोड्याचे मांस खाण्याचा प्रश्न निघाला तेव्हा धर्माच्या भीतीने आपल्या कित्येक शिपायांनी ते नाकारले आणि त्यांना जवाच्या पिठाच्या घटत्या शिध्यावर राहावे लागले. हिंदुस्थानी फौज पाठवताना ती काय खाईल याचा विचार आधी करायला हवा होता, पण तोही वेढ्यात भूक लागल्यावर सुरू झाला.

(साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वेढ्यात असा स्वतःचाच घात होणे नवीन वाटू नये. १७०० साली औरंगजेबाच्या लोकांनी लावलेल्या सुरुंगाने तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि त्यांचीच माणसे त्याखाली गाडली गेली. किल्ला घेतलाही, पण तो टिकला नाही.)

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले. त्याआधी तुर्कांना दहा लाख पौंड, मग वीस लाख पौंड देऊ करून फौज सोडवण्याचाही प्रयत्न झाला आणि त्यांनी तो फेटाळला. कैद्यांना वाळवंटातून पायी नेले, कित्येकांना रेल्वेच्या कामावर जुंपले. नंतर आलेले ब्रिटिश सेनापती जनरल मॉड यांनी आगबोटी, रेल्वे आणि दवाखाने आधी उभे केले, मग पाऊल टाकले आणि ११ मार्च १९१७ला बगदाद घेतले. चौकशी आयोगाचा अहवाल त्याच वर्षी आला, ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

आजीच्या माहेरच्या घरात, चुलीवरच्या फळीवर, कोणा एकाची पितळी ताटली होती. ती वापरायची नाही, एवढेच तिला सांगितले होते.