डीबीएमची बेरीज म्हणजे सरासरी पॉवर नव्हे

रेडिओ सिग्नलची पॉवर मोजणाऱ्या उपकरणाविषयीचा ‘पॉवर सेन्सरचे पाच सोपे नियम’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर तीन गटांतून माझ्याकडे आला, तेव्हा मी तो वाचून सोडून दिला होता. परंतु परवा प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून लागलेल्या माझ्या भाचीने तोच पाठवून ‘मामा, मी असेच मोजते आहे, चालेल ना?’ असे विचारले, तेव्हा गप्प बसवेना. मजकुराचे म्हणणे असे: कोणताही सेन्सर सरासरी पॉवर बरोबरच दाखवतो, झिरो करण्याची (सिग्नल नसताना आकडा शून्यावर आणण्याची) गरज नाही, सिग्नलची फ्रिक्वेन्सी सेन्सरमध्ये भरली नाही तरी चालते, अ‍ॅव्हरेजिंग (अनेक रीडिंगांची सरासरी घेणे) नेहमी जास्तीत जास्त ठेवावे, आणि आकडा हलत असेल तर डीबीएममधील (एका मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीत, मांडलेल्या) रीडिंगांची बेरीज करून भागावे.

हा शेवटचा नियम सर्वांत घातक आहे. भाचीच्या टेबलावर जीएसएम (मोबाइल फोनची एक पद्धत) मोड्यूल होते: बर्स्ट, म्हणजे क्षणभराचे प्रक्षेपण, २ वॅटचा, म्हणजे ३३ डीबीएम, आणि मध्ये सिग्नल क्षीण करणारा ३० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर, त्यामुळे सेन्सरवर +३ डीबीएम. जीएसएमच्या ४.६१५ मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये आठ स्लॉट (वेळेचे समान तुकडे) असतात आणि त्यांतील एकच भरलेला. आठही स्लॉटची एकेक रीडिंग घेतली आणि रिकाम्या सातांत −६० डीबीएम दिसले, असे धरा. नियमाप्रमाणे बेरीज −४१७, भागाकार −५२ डीबीएम! प्रत्यक्षात २ मिलिवॅटचा आठवा भाग ०.२५ मिलिवॅट, म्हणजे −६ डीबीएम. फरक ४६ डीबीचा, सुमारे चाळीस हजार पटींचा. सरासरी मिलिवॅटमध्येच काढावी लागते, कारण डीबीएम हे लॉगरिदम आहे. आणि ही चूक नेहमी उत्तर कमी दाखवण्याकडेच झुकत असल्याने रीडिंग वाढवून ती भरून निघत नाही. मुळात आकडा हलत होता तो मोजण्याचा कालावधी फ्रेमशी जुळत नव्हता म्हणून. तो ४.६१५ मिलिसेकंद किंवा त्याच्या पूर्ण पटीत ठेवल्यावर रीडिंग −६ वर स्थिरावते. त्यात अ‍ॅटेन्युएटरचे ३० डीबी मिळवले की फ्रेमची सरासरी २४ डीबीएम, आणि आणखी ९ डीबी मिळवले की बर्स्टमधील पॉवर.

‘कोणताही सेन्सर’ हेही खोटे आहे. थर्मोकपल सेन्सर उष्णता मोजतो, म्हणून मॉड्युलेशन (सिग्नलवर माहिती चढवण्याची पद्धत) कसेही असले तरी तो खरी सरासरी देतो. डायोड सेन्सर मात्र साधारण −२० डीबीएमपर्यंतच पॉवरच्या प्रमाणात व्होल्टेज देतो; हेवलेट-पॅकार्डची पॉवर मोजण्यावरची अ‍ॅप्लिकेशन नोट ६४-१ ज्याने एकदा तरी उघडली आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. त्यावरच्या पातळीतील दुरुस्ती केवळ अखंड वाहकतरंग (न थांबणारा, एकसारख्या पातळीचा सिग्नल) धरून केलेली असेल, तर +३ डीबीएमच्या बर्स्टवर तिचा भरवसा धरता येत नाही.

फ्रिक्वेन्सीचे एका वाक्यात सांगतो: सेन्सरचा कॅलिब्रेशन फॅक्टर (रीडिंग दुरुस्त करणारा गुणक) फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो, ती भरली नाही तर चुकीचा फॅक्टर लागतो. झिरोबाबत मात्र थोडे मान्य केले पाहिजे. यूएसबीवर चालणारे काही सेन्सर आतल्या आत झिरो करतात, आणि ० डीबीएमच्या आसपास तो चुकला तरी फारसे बिघडत नाही; पण −६० डीबीएमला, म्हणजे एका नॅनोवॅटला, सिग्नल बंद करून झिरो केल्याशिवाय आकडा लिहू नये. अ‍ॅव्हरेजिंगमध्येही अर्धे सत्य आहे: संख्या चौपट केली की गोंगाट निम्मा होतो. क्षीण सिग्नलला ते हवेच. −६ डीबीएमला मात्र त्याने रीडिंग केवळ रेंगाळते, आणि भाची ते स्थिरावण्याची वाट पाहत बसली होती.