६० अधिक ६० म्हणजे १२० ची भिंत नव्हे

ताम्हिणी घाटात समोरासमोर अपघात झाला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: 'दोन गाड्या ताशी ६० नं धडकल्या म्हणजे प्रत्येक गाडी १२० नं भिंतीवर आदळली. म्हणूनच ६४ ची क्रॅश टेस्ट खरं तर ३२ चीच.' अकरावीत भौतिकशास्त्र शिकणारी मुलंही हे खरं मानतात, म्हणून एकेक मुद्दा बघू.

'वेगांची बेरीज होते.' होते, सापेक्ष वेग १२० च आहे. पण आतल्या माणसाला मार बसतो तो त्याच्याच गाडीचा वेग किती आणि किती झपाट्यानं बदलला, यामुळे. सारख्या वजनाच्या गाड्या असतील तर एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग, दिशेसकट) शून्य. एकमेकींत अडकून त्या जागच्या जागी थांबतात. बदल ६० चा, म्हणजे ६० नं भिंतीवर आदळल्याइतकाच.

'समोरच्या गाडीतून बघा, मी १२० नं येतोय.' जरूर बघा. त्या चौकटीत, म्हणजे त्या गाडीच्या नजरेतून, समोरची गाडी थांबलेली दिसते आणि तिला भिंत म्हणायचा मोह होतो. चूक इथेच आहे. भिंत जमिनीत रोवलेली असते, गाडी नसते. संवेग अक्षय्य राहायचा तर धडकेनंतर दोन्ही गाड्या ६० नं पुढे सरकतात. पुन्हा बदल ६० चाच! चौकट बदलली तरी उत्तर बदलत नाही. बदललं तर गणित चुकलंय.

'ऊर्जा तर दुप्पट.' हो, पण ती चेपायला गाड्याही दोन आहेत. १२० नं भिंतीवर आदळलात तर एकट्या गाडीवर चौपट ऊर्जा येते.

'टेस्ट ३२ ची.' भारत एनकॅपच्या (गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारा सरकारी कार्यक्रम) समोरून धडकेच्या चाचणीत गाडी ६४ नं येऊन दबणाऱ्या ॲल्युमिनियमच्या अडथळ्यावर आदळते, तीही रुंदीच्या ४० टक्के भागानं. तो अडथळा थोडी ऊर्जा शोषतो, म्हणून दोन गाड्यांच्या धडकेशी तुलना करताना आकडा ६४ च्या काहीसा खाली येतो. पण ३२ वर नाही. ३२ नं आलेल्या दोन सारख्या गाड्यांत बदल ३२ चा होतो, इथे गाडीचा वेग ६४ वरून शून्यावर येतो.

मेसेज खरा ठरण्याच्या जवळ येतो तो समोर ट्रक असेल तेव्हाच. एक टनाची कार, नऊ टनांचा ट्रक, दोघंही ६० वर. धडकेनंतर दोन्ही मिळून ट्रकच्याच दिशेनं ४८ नं जातात. ट्रकच्या वेगात फरक १२ चा, कारच्या वेगात १०८ चा.