०.०४ टक्केच आहे, मग काय फरक पडतो?

"हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के, त्यातही माणूस सोडतो तो ४ टक्के, उष्णता तर खरी पाण्याची वाफ धरते, मग कसलं ग्लोबल वॉर्मिंग?" हा मेसेज परत फिरतोय. आकडे बरेचसे बरोबर आहेत, म्हणूनच चांगले शिकलेले लोकही फसतात, त्यामुळे एकेक घेते.

०.०४ टक्के. नायट्रोजन ७८, ऑक्सिजन २१ च्या आसपास, अर्गॉन ०.९३, मान्य. पण जमिनीवरून वर जाणारी उष्णता हे तिघं जवळजवळ अडवतच नाहीत. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये नळीत एकेक वायू भरून हेच मोजलं, ऑक्सिजन नायट्रोजनमधून उष्णता आरपार गेली, कार्बन डायऑक्साइडमध्ये अडली. म्हणजे ज्या ९९ टक्क्यांशी तुलना चाललीय ते या कामात नाहीतच! आणि एवढंसं काय करणार म्हणत असाल तर ओझोन बघा, डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून जमिनीवरच्या दाबाला पसरला तर थर होतो जेमतेम ३ मिलिमीटर, दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढा, आणि तेवढ्यावर आपण अल्ट्राव्हायोलेटपासून वाचतोय. त्याच हिशोबाने कार्बन डायऑक्साइडचा थर ३ मीटरच्या वर जातो.

आता ते ४ टक्के, म्हणजे दरवर्षी हवेत सोडल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधला आपला वाटा, मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. झाडं, माती, समुद्र दरवर्षी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त सोडतात हो, पण सोडतात त्याहून जास्त परत घेतात, आणि ही परत घेण्याची बाजू मेसेजमधून गायब आहे. आपण सोडतो त्यातलं निम्म्याच्या आसपास निसर्ग शोषतो, बाकीचं साचत जातं. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला लागले तेव्हा तो ३१५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग) आसपास होता, आज ४२० च्या वर आहे, कारखाने यायच्या आधी २८० होता, म्हणजे आज हवेत आहे त्यातलं एक तृतीयांश आपल्यामुळे वाढलेलं. ही वाढ समुद्रातूनच आली असेल म्हणाल, तर समुद्रातून नुसता वायू बाहेर पडत असता तर हवेतला ऑक्सिजन घटला नसता, तो किंचित घटतोय, कारण काहीतरी जळतंय.

राहिली वाफ. ती जास्त उष्णता धरते हे खरंच आहे, पण हवेत मावेनाशी झाली की पाऊस होऊन ८-१० दिवसांत खाली येते. हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते, म्हणजे आधी दुसऱ्या कोणीतरी हवा तापवावी लागते, आणि कार्बन डायऑक्साइड काही पाऊस होऊन पडत नाही.