आरसे बघितले की गाडी काढायला मोकळे?

मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, आमच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: "तिन्ही आरसे बघा, हॉर्न द्या, निघा. उतरून गाडीभोवती चक्कर मारणं म्हणजे नवशिक्यांचा टाइमपास. फारच भीती वाटत असेल तर कॅमेरा बसवा." वडोदऱ्यात २२ वर्षं ट्रक चालवलाय, म्हणून बोलतो.

आरशात सगळं दिसतं म्हणे. मागच्या रविवारी इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून नातीला ट्रकसमोर उभं केलं. बंपरला पाठ टेकून ती उभी, आणि मला केबिनमधून दिसतोय मोकळा रस्ता. "कुठंय गं?" "इथंच की, आजोबा!" ती दोन पावलं पुढे सरकली तेव्हा कुठे काचेच्या खालच्या कडेवर तिची लाल रिबन उगवली. डावीकडे तर आणखी पंचाईत. आपण बसतो उजवीकडे. क्लीनरच्या दाराखाली स्कूटर उभी असली तरी नजरेला पडत नाही. फुगीर आरसा जास्त दाखवतो खरा, पण जवळचं लांब भासवतो.

हॉर्नचं काय सांगावं! चौकात सगळेच वाजवतात, त्यातला आपल्यासाठी कुठला हे कोण ओळखणार? ट्रकच्या सावलीत आडवा झालेला हमाल कूससुद्धा बदलत नाही.

चक्कर टाइमपास आहे, यात मात्र थोडं तथ्य आहे. लोक चक्कर मारतात, मग बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) सही, मग चहा, मग फोन, आणि मग गाडी काढतात. तोवर ती चक्कर शिळी झालेली असते. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; इंजिन सुरू केल्यावर ती हवा भरेपर्यंत थांबावं लागतंच. सही, फोन तेव्हा उरका. हवा भरली की फिरा, चढा, पुन्हा आरसे बघा आणि लगेच निघा. सिग्नलला उतरता येत नाही, पण तेवढ्या वेळात डावीकडून दोन ॲक्टिव्हा घुसलेल्या असतात. हिरवा लागला की पहिल्यापासून बघायचं. डावीकडे वळताना मागचं चाक पुढच्याच्या वाटेनं येत नाही, कोपरा कापत आत येतं.

राहिला कॅमेरा. लंडनमध्ये २०२१ पासून १२ टनांवरच्या मालगाड्यांना केबिनमधून थेट किती दिसतं यावर तारे देतात; तारे कमी पडले तर जादा कॅमेरे-सेन्सर बसवल्याशिवाय परवाना नाही. म्हणजे तिथंही आधी नजर, मग कॅमेरा. आमच्याकडे पावसाळ्यात त्याच्यावर बोटभर चिखल असतो. तो पुसायलाही खाली उतरावंच लागतं.