कणकुंबीला नेलेल्या किटबद्दल आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीच्या पावसात दोन रात्री चापडा या विषारी सापाचे आणि बेडकांचे फोटो काढायला आमचं किट भाड्याने नेलंत आणि एकच स्टार दिलात. तक्रारी चार: टॉर्च दुसऱ्या रात्री बंद पडला, रेनकव्हर असूनही बॅगेत पाणी शिरलं, सर्पदंशाचं इंजेक्शन नाही, काडेपेटी नाही.

टॉर्चची चूक पूर्णपणे आमची. बॅग परत आली तेव्हा टॉर्चचं बटण प्रथमोपचाराच्या स्टीलच्या डब्याला टेकलेलं होतं. तो आतल्या आत पेटून सेल उतरला. पॅक करताना या टॉर्चचं मागचं झाकण पाव फेरा सैल करायचं असतं, मग बटण दाबलं गेलं तरी तो पेटत नाही. ते आमच्याकडून राहिलं. चापडा वाटेकडेच्या फांदीवर, कधी कंबरेच्या उंचीला, हलत नाही असा बसतो. हात टेकण्याआधी फांदी उजेडात बघावीच लागते. त्यामुळे ही चूक लहान नाही. किटचं पूर्ण भाडं परत देतो. यापुढे प्रत्येक किटमध्ये एक जास्तीचा हेडटॉर्च असेल, सेल काढून वेगळ्या पिशवीत.

रेनकव्हर मात्र फाटलेलं नाही, आम्ही नळाखाली धरून तपासलं. कव्हर बॅगेची पुढची बाजू झाकतं, पाठीकडची उघडीच राहते. मानेवरून उतरलेलं पाणी पाठ आणि बॅगेच्या मधून खाली जातं, कव्हरच्या तळाशी साचतं आणि शिवणीतून आत शिरतं. म्हणूनच दोन जाड प्लॅस्टिक पिशव्या दिल्या होत्या. त्या घडीसकट परत आल्या. एकीत कॅमेरा आणि लेन्स, दुसरीत कोरडा शर्ट आणि मोजे. तोंड पिळून दुमडायचं आणि रबर लावायचं. हे नेताना दाखवायला हवं होतं, नुसत्या पिशव्या देऊन भागत नाही.

इंजेक्शन मात्र आम्ही कधीच देणार नाही. आपल्याकडचं नेहमीचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवरचं आहे. चापड्यावर त्याचा भरवसा नाही. शिवाय ते शिरेतून द्यावं लागतं, रिअॅक्शन आली तर रक्तदाब कोसळतो, श्वास अडकतो. ते काम डॉक्टरांचंच. किटमध्ये खपाची पट्टी (हात-पाय हलू नये म्हणून बांधायची कडक पट्टी) आणि १० सेंटीमीटर रुंदीची दोन क्रेप बँडेज आहेत ती साप चावला तर डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत वापरायला. अंगठी, घड्याळ लगेच काढा, सूज चढली की निघत नाही. हाड मोडल्यावर बांधतात तसा हात किंवा पाय सैलसर बांधून स्थिर ठेवा. आवळून दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका. चावल्याची वेळ लिहून ठेवा. माणसाला चालवू नका, उचलून गाडीपर्यंत न्या. रेंज येताच १०८ लावा, खानापूरचं तालुका रुग्णालय किंवा बेळगावचं सिव्हिल गाठा.

काडेपेटी मुद्दाम देत नाही. तिथून भीमगड अभयारण्याचं रान जवळ आहे, आणि त्या पावसात ओलं लाकूड पेटतही नाही. थंडी वाजली तर आधी भिजलेला शर्ट बदला, मग किटमधलं पातळ चंदेरी फॉइलचं ब्लँकेट गुंडाळा आणि जमिनीवर न बसता रिकाम्या बॅगेवर बसा.

लेन्सच्या आत धुकं दिसत असेल तर कॅमेरा अजून चालू करू नका. बॅटरी आणि कार्ड काढा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले असतील तर दुकानात या, बदलून देतो, पैसे घेणार नाही.