अप्पर वरळी म्हणे!

आज सकाळी डिलाईल रोडच्या पुलाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. समोर हे एवढं होर्डिंग: 'अप्पर वरळी'त आलिशान घरं. स्कूटरवर मागे बसलेले बाबा म्हणाले, "ही कुठं आली रे?" म्हटलं, बाबा, आपण तिच्यातच उभे आहोत.

एल्फिन्स्टन स्टेशनचं प्रभादेवी करायला २०१८ साली सरकारी कागद तरी लागले. लोअर परळचं अप्पर वरळी करायला बिल्डरचं एक ब्रोशर पुरलं!

दोन वर्षांपूर्वी बाबांना त्यांच्या मिलमध्ये नेलं होतं. म्हणजे आताच्या मॉलमध्ये. साचाखाता, म्हणजे कापड विणायचं खातं, होता तिथं आता बुटांची दुकानं. चिमणी तेवढी ठेवलीय, शोभेला. बाबा तिच्या कठड्यावर टेकले, तर सिक्युरिटीवाला लगेच हजर. "चाचा, इधर बैठना अलाऊड नहीं." माझं डोकंच फिरलं. बाबा हसत उठले. "तेव्हाही बसू द्यायचे नाहीत रे. जॉबर ओरडायचा, आमचा मुकादम."

त्यांना हसू येतं, मला येत नाही. १९९१ चा नियम काय होता? मिलची जमीन विकासाला काढली की एक तृतीयांश पालिकेला, मैदानं-बागांसाठी. एक तृतीयांश म्हाडाला. उरलेली मालकाला. २००१ मध्ये सरकारनं गुपचूप शब्द फिरवले: वाटणी फक्त मोकळ्या जागेची, शेडखालची जमीन धरायचीच नाही. अरे, मिलमध्ये शेड सोडून असतं काय? २००६ साली सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलं. झालं! बाबांना टेकायला बागेत जो बाक मिळाला असता, तो तिथंच गेला.

मान्य, मिल म्हणजे काही स्वर्ग नव्हता. कापसाच्या तुसानं बाबांची छाती अजून वाजते. आणि हो, त्याच मॉलमध्ये मीही कॉफी पितो. बोला आता.

त्या सिक्युरिटीवाल्या पोरावरही उगाच चिडलो मी तेव्हा. बाहेर पडताना बाबाच म्हणाले, "बारा तास उभा असेल बिचारा. साधं स्टूल नाही त्याला."

आत्ता हे लिहितोय तर कुरिअरवाल्याचा फोन आला होता. बाबा त्याला ओरडून सांगत होते, "अरे, लोअर परळ! मिलच्या मागची चाळ!" पोरगा विचारतोय, कौनसी मिल? बाबा गॅलरीत जाऊन उभे आहेत, हात हलवत.