पडद्यावरचा फोटो ताणू नका, कापा

सर्वांना सलाम.

रविवारी चर्चमध्ये लॅपटॉपवर बसणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांना शनिवारी रात्री उशिरा फोटो पाठवणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी ही पोस्ट आहे. लांब आहे, पण कृपया शेवटपर्यंत वाचा. गीतांच्या आणि वचनांच्या स्लाइडमागे आपण जो फोटो लावतो तो पडद्याच्या मापाचा कसा करायचा, एवढाच विषय आहे. मला तो अजिबात किरकोळ वाटत नाही. उपासनेत मंडळीची नजर आता बराच वेळ पडद्यावर असते. तिथे काय दिसतं आणि कसं दिसतं याची काळजी घेणं हाही सेवेचाच भाग आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. फोटो पडद्यात बसवायला ताणायचा नाही. आधी क्रॉप करायचा, म्हणजे जादा भाग कापायचा, मग रिसाइज करायचा, म्हणजे माप लहान-मोठं करायचं, आणि मग इतका मंद करायचा की शेवटच्या बाकावरच्या आजींना आधी अक्षरं दिसतील.

बहुतेक मोबाइल ४:३ या प्रमाणात फोटो काढतात, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन भाग. आजचे टीव्ही आणि २०१३ पासूनच्या पॉवरपॉइंटची कोरी स्लाइड १६:९ असते. पहिला दुसऱ्यात चारही कोपरे जुळवून बसवला की रुंदी एक तृतीयांशाने वाढते आणि उंची आहे तेवढीच राहते. ढगांचं यात काही बिघडत नाही, डोंगराचंही फारसं नाही. पण मेंढरं लांबुडकी होतात, क्रूसाचा उभा खांब जाडजूड होतो, माणसाचा चेहरा फुगतो. प्रभू येशूच्या चित्राचं असं झालेलं मी पाहिलं आहे आणि मला ते बघवत नाही. लावणाऱ्याच्या मनात अनादर नसतो, हे मला माहीत आहे. फक्त माउसने बाजूचा मधला ठिपका धरलेला असतो. फोटो कोपऱ्याचा ठिपका धरून ओढला तर प्रमाण टिकतं, मधला धरला तर फोटो ताणला जातो. एवढी एक सवय हाताला लागली तरी अर्धं काम झालं.

सगळ्यात जास्त दुखतं ते स्मरणार्थ उपासनेत. घरच्यांनी दिलेला फोटो बहुतेक वेळा उभा असतो. तो आडव्या पडद्यावर कडेपासून कडेपर्यंत पसरवला की गेलेल्या माणसाचा चेहरा त्याचा राहत नाही. आणि घरचे पहिल्याच बाकावर बसलेले असतात. अशा फोटोला क्रॉपही चालत नाही, कारण उभ्या फोटोतून १६:९ चा तुकडा काढायचा तर निम्म्याहून जास्त फोटो जातो. त्याला वेगळी रीत आहे. स्लाइड १९२०×१०८० पिक्सेलची (पिक्सेल म्हणजे चित्राचा एक बारीक ठिपका; आधी रुंदी, मग उंची) असेल तर उभ्या फोटोची उंची १०८० करा; मोबाइलवरचा ३:४ चा फोटो असेल तर रुंदी आपोआप ८१० होईल. तो मधोमध ठेवा. दोन्ही बाजूंना ५५५ पिक्सेलची जागा उरते, तिथे साधा गडद रंग द्या, किंवा त्याच फोटोची मोठी आणि पूर्ण धूसर केलेली प्रत मागे टाका. नाव आणि तारखा लिहायच्या असतील तर फोटो एका बाजूला सरकवून दुसऱ्या बाजूला लिहा. थोड्या वेळाचं काम आहे, आणि त्या कुटुंबासाठी ते केलंच पाहिजे.

आता मापं. आधी आपल्या प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्यूशन, म्हणजे रुंदीला आणि उंचीला किती पिक्सेल, ते बघा. जुने प्रोजेक्टर पुष्कळदा १०२४×७६८ चे, म्हणजे ४:३ असतात. सभागृहांतले अनेक १२८०×८०० चे, म्हणजे १६:१०. फुल एचडी म्हणजे १९२०×१०८०, हे १६:९. खोक्यावर 'फुल एचडी सपोर्ट' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. सपोर्ट म्हणजे प्रोजेक्टर तेवढा सिग्नल घेतो. पडद्यावर पडतात ते मात्र त्याच्या आतल्या पॅनेलवर जेवढे पिक्सेल आहेत तेवढेच. स्वस्त एलईडी प्रोजेक्टरमध्ये ते फार कमी असू शकतात. माहितीपुस्तिकेत 'नेटिव्ह' रिझोल्यूशन दिलेलं असतं, ते शोधा आणि स्लाइडचा आकार त्याच प्रमाणात ठेवा. प्रोजेक्टर आणि पडदा दोन्ही ४:३ असतील तर स्लाइडही ४:३ ठेवावी. उगाच १६:९ चा हट्ट धरून वर-खाली काळे पट्टे आणि मध्ये बारीक अक्षरं कशाला?

समजा मोबाइलचा फोटो ४०००×३००० आहे आणि स्लाइड १६:९. रुंदी ४००० ठेवली तर उंची २२५० हवी. म्हणजे ७५० पिक्सेल, उंचीचा चौथा हिस्सा, काढून टाकायचा. तो वरून काढायचा की खालून, हे माणसाने बघूनच ठरवायला हवं. गीताच्या ओळी वरच्या भागात येणार असतील तर मोकळं आकाश राहू द्या आणि खालची वाट, कुंपण, गाड्या कापा. चित्रातली मुख्य गोष्ट एका कडेला राहिली तर उत्तम, कारण मधली जागा शब्दांची आहे. मग उरलेला ४०००×२२५० चा तुकडा १९२०×१०८० वर आणा. पॉवरपॉइंटमध्ये क्रॉपच्या यादीतच आस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) आहे, तिथे १६:९ निवडता येतं. पुष्कळ फोटो एकदम करायचे असतील तर विंडोजवर इर्फानव्ह्यू हे फोटोंचं सॉफ्टवेअर आहे, बिगर-व्यावसायिक वापराला मोफत. त्यात 'बी' हे बटण दाबलं की सगळे फोटो एकत्र करण्याची खिडकी उघडते. गिंप हे फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर तर सगळ्यांनाच मोफत आहे. त्यात रुंदी आणि उंचीच्या आकड्यांशेजारी साखळीचं चिन्ह असतं, ती जोडलेली राहू द्या.

'मोठा फोटो तसाच टाकला तर काय बिघडलं?' असं मला बरेच जण विचारतात. फाइल तीन-चार एमबीची दिसली तरी ४०००×३००० चा फोटो उघडल्यावर मेमरीत साधारण ३६ एमबी जागा घेतो. १९२०×१०८० चा घेतो सहाच्या आसपास. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण प्रत्येक गीतामागे असे जड फोटो असले की कुणीतरी दान दिलेला जुना लॅपटॉप दुसऱ्या कडव्याला अडकतो. मंडळी पुढे गेलेली, पडदा मागे राहिलेला, आणि सगळ्या माना लॅपटॉपवरच्या मुलाकडे वळलेल्या. त्या मुलाची यात काही चूक नसते.

उलट बाजूने, नेटवरून घेतलेला ६४०×३६० चा फोटो फुल एचडीला नेला तर एका पिक्सेलच्या जागी नऊ भरावे लागतात. जे टिपलंच गेलेलं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर खरेपणाने परत आणू शकत नाही. तसा फोटो वापरायचाच असेल तर मुद्दाम धूसर करून नुसता रंगाचा आधार म्हणून वापरा. आणि कुणी 'डीपीआय (एका इंचात किती ठिपके) ३०० करून घे' म्हणालं तर तिकडे लक्ष देऊ नका. ते छपाईसाठी असतं. प्रोजेक्टर पिक्सेल मोजतो.

व्हॉट्सअॅपबद्दल तर मला हात जोडून सांगायचं आहे. फोटो म्हणून पाठवलेला फोटो वाटेत दाबून लहान केला जातो. तोच पुढे दुसऱ्या ग्रुपवर, तिथून तिसऱ्या. शेवटी पडद्यावर चौकटी-चौकटी दिसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा पोहोचतो. याहून मोठं नुकसान होतं ते गीताचे शब्द फोटोवरच छापून त्याचा जेपीजी फिरवला की. जेपीजीत अक्षरांच्या कडेला धुरकट डाग येतात, आणि तो फोटो रिसाइज केला की अक्षरंही त्याच्याबरोबर मऊ होतात. मागे फोटो आणि त्यावर खरा मजकूर, युनिकोडमध्ये, असे दोन थर वेगळेच हवेत. ओपनएलपी हे मोफत सॉफ्टवेअर नेमकं तसंच चालतं: गीत एकदा टाइप करायचं आणि मागचं चित्र हवं तेव्हा बदलायचं.

आपल्या लिपीला हे जास्तच लागू आहे. इंग्रजी गीतांसाठी तयार केलेली बॅकग्राउंड मराठीला चालतीलच असं नाही. आपल्याकडे अक्षराच्या वर रफार, अनुस्वार, वेलांटी आणि खाली उकार. 'उपासना संगीत' या आपल्या गीतसंग्रहातल्या जुन्या गीतांत तर अनुस्वार भरपूर. मागे पांढऱ्या फुलांचा ताटवा असला की कुठला ठिपका अनुस्वार आणि कुठली पाकळी हे दूरून कळत नाही. आजींचं एक वेळ निभतं, त्यांना गीत पाठ असतं. पण इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली पुण्यातली मुलं मराठी अक्षर लावून लावून वाचतात. ओळ बदलायच्या आत त्यांना ती वाचता आली नाही तर ती गप्प उभी राहतात, आणि हळूहळू मराठी उपासनेतून मनाने बाहेर जातात. मला या सगळ्यात सर्वात जास्त काळजी त्यांचीच आहे. म्हणून एका स्लाइडवर चारच ओळी घ्या, दोन ओळींत अंतर जास्त ठेवा, आणि मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा मोकळा फाँट ठळक करून वापरा. शब्दांमागे हलणारे व्हिडिओ तर मला मुळीच मान्य नाहीत.

फोटो किती गडद करायचा हे खोलीवर ठरतं. पुण्यातली जुनी चर्च प्रोजेक्टरसाठी बांधलेली नाहीत. कँपातलं सेंट मेरीज १८२५ सालचं, गुरुवार पेठेतलं पंचहौदचं चर्च १८८५ सालचं. अशा वास्तूंमध्ये उजेड हवा म्हणूनच खिडक्या ठेवल्या, आणि सकाळच्या उपासनेला तो उजेड आत येतोच. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. जिथे काळं दाखवायचं तिथे तो फक्त प्रकाश टाकत नाही. त्यामुळे उजेडात काळं राखाडी होतं आणि ना धड गडद, ना धड फिका असा फोटो अक्षरांसकट विरून जातो. पूर्ण फोटो झाकेल असा काळा भरीव आयत वर टाकून त्याची पारदर्शकता ४०-५० टक्के ठेवा, वर पांढरी अक्षरं. किंवा सरळ फिकट बॅकग्राउंडवर काळी अक्षरं घ्या. मधलं काही नको. आणि हे लॅपटॉपच्या स्क्रीनवर ठरवू नका. उपासनेच्या वेळीच, दिवे आणि खिडक्या रोजच्यासारख्या ठेवून, शेवटच्या बाकावर बसून वाचून बघा.

फोटो कुठले घ्यावेत यावर माझं मत ठाम आहे. अनस्प्लॅश, पेक्सेल्ससारख्या साइटवर मोफत वापराचे चांगले फोटो मिळतात, गुगलवरून कुणाचाही उचलण्यापेक्षा ते योग्यच. पण 'परमेश्वर माझा मेंढपाळ' या तेविसाव्या स्तोत्रामागे दर वेळी युरोपातल्या हिरव्या कुरणावरची पांढरी मेंढरं का? आपल्या जिल्ह्यात धनगरांचे कळप रस्त्याने जाताना दिसतात. काळी दख्खनी मेंढरं, पुढे काठी घेतलेला मेंढपाळ, मागे घोड्यावर लादलेला संसार. मेंढपाळ मेंढरांच्या पुढे चालतो म्हणजे काय, हे आपल्या लोकांना त्या फोटोवरून जास्त कळेल. सुगीच्या सणाला सासवडकडची ज्वारी लावा. पहाटेच्या गीतामागे सिंहगडावरून दिसणारं धुकं असू द्या. अशा फोटोंना मोकळं आकाशही भरपूर असतं, म्हणजे शब्दांना जागा मिळते. कुणा मेंढपाळाचा चेहरा ओळखू येणार असेल तर फोटो काढण्याआधी त्याला विचारा.

आमच्या चर्चच्या तरुण संघासाठी मी असे फोटो गोळा करते आहे, नाताळच्या आधी एक संच तयार व्हावा अशी इच्छा आहे. तुमच्याकडे असतील तर द्या. मोबाइल आडवा धरून काढलेले, वरती किंवा एका बाजूला मोकळी जागा सोडलेले, त्यावर तारीख किंवा शुभेच्छा न छापलेले. डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. क्रॉप मी करीन.